रेघ ओढण्याआधीचं गाणं

दोन आवाजांचं गाणं म्हटलं की आपल्या कानांना दोन तऱ्हा ठाऊक असतात. एक युगुलगीताची. त्यात एकाने सोडलेला सूर दुसऱ्याने अलगद उचलायचा आणि शेवटी दोघांनी मिळून समेवर यायचं. दुसरी सवाल-जवाबाची. कलगीवाल्यांनी कोडं घालायचं, तुरेवाल्यांनी ते फोडायचं आणि कोण सरस ठरलं याचा निवाडा समोर बसलेल्या लोकांनी करायचा. या दोन्ही तऱ्हांत न बसणारं एक गाणं बरीच वर्षं माझ्या सोबतीला आहे. त्यात दोन पुरुष आहेत आणि दोघांचं काम एकच आहे. एकाला त्या कामाचा हुरूप आहे, दुसऱ्याला धास्ती. दोघं एकमेकांना आपापलं म्हणणं सांगतात. शेवटपर्यंत कुणी कुणाला जिंकत नाही आणि कुणाचं मतही बदलत नाही.

गाण्याचं नाव 'सेलिंग टू फिलाडेल्फिया'. मार्क नॉफ्लरने ते लिहिलं, चालही त्याचीच, आणि सोबत गायला त्याने जेम्स टेलरला बोलावलं. याच नावाचा त्याचा अल्बम २००० सालच्या सप्टेंबरात आला. आपल्याकडे नॉफ्लर माहीत झाला तो 'डायर स्ट्रेट्स'मुळे. ऐंशी-नव्वदच्या दशकांत मुंबई-पुण्यात ज्यांनी गिटार हातात धरली, त्यांच्यासाठी 'सुलतान्स ऑफ स्विंग' वाजवता येणं म्हणजे मॅट्रिक पास होण्यासारखं होतं. २००५ साली तो मुंबईत येऊन वाजवून गेला, तेव्हा मैदानात उभ्या असलेल्यांपैकी कितीतरी जण त्या जुन्या कॅसेटींवर वाढलेले होते. त्या वेगवान, लखलखीत गिटारची सवय झालेल्याला हे गाणं आधी फार शांत वाटतं. नखीशिवाय, नुसत्या बोटांनी तार छेडणारा तोच हात इथे मागे राहतो. मध्यम लय, दबका ठेका, आणि गाणाऱ्यांना भरपूर मोकळी जागा.

गाणारी दोन माणसं इतिहासातली आहेत. चार्ल्स मेसन आणि जेरेमाया डिक्सन. पेनसिल्व्हेनिया आणि मेरीलँड या दोन ब्रिटिश वसाहतींमधली हद्द आखण्यासाठी ते १७६३ साली इंग्लंडहून जहाजाने निघाले. त्या हद्दीला आजही त्यांच्याच नावाने ओळखतात, मेसन-डिक्सन रेषा. अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण भागांमधली सीमा कोणती, असं विचारलं तर तिथला शाळकरी मुलगाही हेच नाव सांगेल.

नॉफ्लर डिक्सनच्या तोंडून गातो, टेलर मेसनच्या. नॉफ्लरचा आवाज गाणाऱ्यापेक्षा गोष्ट सांगणाऱ्याचा आहे. खालच्या पट्टीतला, किंचित खरबरीत, अर्धा शब्द गात अर्धा बोलत पुढे सरकणारा. डिक्सन आपली ओळख स्वतःच करून देतो: उत्तर इंग्लंडमधला, चार घोट घेणारा, माणसांत रमणारा गडी. मग टेलर आत येतो. ही जागा मी कितीदा तरी मागे नेऊन ऐकली आहे. चाल बदलत नाही, ठेका बदलत नाही, तरी खोलीत दुसरं माणूस येऊन बसल्याचं कळतं. डिक्सनच्या तोंडी जी ओळ ऐसपैस पसरलेली होती, ती मेसनच्या तोंडी नीट घडी घातल्यासारखी होते. टेलर प्रत्येक अक्षराला त्याचं पूर्ण माप देतो. ओढ नाही, हरकत नाही, सुराला कुठे उगीच हेलकावा नाही. रात्ररात्र जागून ताऱ्यांची नोंद ठेवणारा माणूस बोलायला लागला तर असाच बोलेल, असं ऐकताक्षणी वाटतं.

पुढे मेसन कुरकुरतो. तू मोजणीदार चांगला आहेस, पण तुझा भाबडेपणा आपल्या जिवावर बेतेल, अशा अर्थाचं काहीतरी तो डिक्सनला सुनावतो. तू स्वातंत्र्याच्या गोष्टी करतोस, पण हा देश खरंच स्वतंत्र कसा होणार, हा त्याचा प्रश्न आहे. डिक्सन त्याला उत्तर देत नाही. मान वर कर, किनारा दिसू लागला आहे, बाहेर येऊन ऊन अंगावर घे, एवढंच सांगतो. प्रश्न आणि दिलासा यांची पातळीच वेगळी आहे. रोजच्या आयुष्यात मित्र मित्राशी असंच वागतो. आपल्या शंकेचं निरसन मित्राकडून क्वचितच होतं. तो फक्त खांद्यावर हात ठेवून म्हणतो, चल. गाण्यात ही गोष्ट इतकी खरी उतरली आहे, की रेषेचा आणि अमेरिकेचा गंधही नसलेल्या माणसाला ते आवडून जातं.

मलाही ते आधी तसंच आवडलं. रेषेची माहिती नंतर हळूहळू होत गेली. आणि जसजशी ती होत गेली तसतसं तेच गाणं, एका सुराचाही फरक न पडता, वेगळं ऐकू येऊ लागलं.

हद्दीचं भांडण होतं दोन घराण्यांचं. १६३२ साली इंग्लंडच्या राजाने कॅल्व्हर्ट घराण्याला मेरीलँडची सनद दिली. १६८१ साली दुसऱ्या चार्ल्सने विल्यम पेनला पेनसिल्व्हेनिया दिला. दोन्ही सनदांची शीव चाळिसाव्या अक्षांशाशी येऊन भिडत होती, आणि नकाशे इतके कच्चे होते की तो अक्षांश जमिनीवर नेमका कुठून जातो हे सनद देणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. पेनने फिलाडेल्फिया वसवलं ते प्रत्यक्षात चाळिसाव्या अक्षांशाच्या थोडं दक्षिणेला. कॅल्व्हर्टांच्या सनदेचा शब्द न् शब्द पाळायचा म्हटलं, तर पेनसिल्व्हेनियाची राजधानीच मेरीलँडमध्ये जात होती. भाऊबंदकीत बांधावरून होतं तेच इथे दोन संस्थानांएवढ्या मुलखावर झालं. १७३०च्या दशकात सरहद्दीवरच्या शेतकऱ्यांनी एकमेकांवर बंदुका रोखल्या, घरं जाळली. कज्जा इंग्लंडच्या न्यायालयात वर्षानुवर्षं चालला. अखेर १७६० साली तडजोड झाली: फिलाडेल्फियाच्या दक्षिण टोकापासून पंधरा मैल खाली एक रेघ पश्चिमेला जाईल. स्थानिक मोजणीदारांना ते गणित पेलेना, म्हणून लंडनहून माणसं मागवली गेली.

मेसन ग्लॉस्टरशायरमधल्या एका पाववाल्याचा मुलगा. भट्टीपासून तो ग्रिनिचच्या शाही वेधशाळेत साहाय्यक होण्यापर्यंत पोचला होता. डिक्सन डरहॅम परगण्यातल्या कॉकफील्डचा, कोळशाच्या खाणींच्या मुलखातला, क्वेकर घराण्यातला. अति मद्यपानाबद्दल त्याच्या पंथाच्या सभेने त्याला १७६० साली बाहेर काढलं होतं. हे दोघं काही पहिल्यांदाच एका जहाजावर चढत नव्हते. १७६१ सालचं शुक्राचं अधिक्रमण टिपण्यासाठी रॉयल सोसायटीने त्यांना सुमात्रा बेटावरच्या बेंकुलेनला धाडलं होतं. त्यांच्या 'सीहॉर्स' जहाजावर इंग्लिश खाडीतच फ्रेंचांनी हल्ला केला आणि अकरा खलाशी मेले. जहाज बंदरात परतल्यावर दोघांनी मोहीम सोडायची परवानगी मागितली, तर सोसायटीने खटला भरण्याची धमकी दिली. शेवटी ते केप ऑफ गुड होपपर्यंत गेले आणि तिथून शुक्राचा तो वेध उत्तम घेतला.

हे वाचल्यानंतर मेसनच्या कुरकुरीकडे भित्र्या माणसाची कटकट म्हणून बघवेना. तोफांचा मारा त्याने अंगावर घेतलेला आहे. डिक्सननेही घेतलेला आहे. त्याच अनुभवातून एक जण धास्तावून बाहेर आला आणि दुसरा निर्धास्त होऊन. मग गाण्यातली त्यांची मैत्री दोन स्वभावांच्या गमतीदार जोडीपुरती राहिली नाही. दोघांनी एकत्र मरण पाहिलं आहे, ही जाण त्या शांत ठेक्याखाली ऐकू येऊ लागली.

त्यांनी काम कसं केलं ते पाहण्यासारखं आहे. फिलाडेल्फियापासून सरळ दक्षिणेला पंधरा मैल मोजत जायचं तर मध्ये डेलावेअर नदी आडवी येते. म्हणून ते आधी पश्चिमेला एकतीस मैल गेले, त्याच अक्षांशावर, ब्रँडीवाइन ओढ्याच्या काठी हार्लन नावाच्या शेतकऱ्याच्या मळ्यात उतरले आणि तिथून दक्षिणेला वळले. त्यांचं मुख्य उपकरण म्हणजे लंडनच्या जॉन बर्डने घडवलेली सहा फुटी दुर्बीण. ती थेट डोक्यावरच्या आकाशाकडे रोखलेली असे. वेध घेणाऱ्याने खाली उताणं पडायचं, डोळा काचेला लावायचा आणि ठरलेला तारा माथ्यावरून सरकण्याची वाट पाहायची. अभिजित, ब्रह्महृदय, हंस तारकासमूहातले तारे. तारा माथ्यापासून किती उत्तरेला किंवा दक्षिणेला ओलांडतो त्यावरून आपण नेमक्या कोणत्या अक्षांशावर आहोत ते काढायचं. आकाश ढगाळलं की काम बंद. पुरेसे वेध जमले की कुऱ्हाडवाले पुढे निघत. झाडं तोडून आठ-नऊ यार्ड रुंदीची सरळ वाट उघडायची, त्या वाटेवरून साखळीने अंतर मोजायचं, सहासष्ट फुटांची एक साखळी, ऐंशी साखळ्यांचा एक मैल. काही मैल झाले की पुन्हा दुर्बीण लावायची, पुन्हा उताणं पडायचं, तारे सांगतील तेवढी रेघ सुधारायची.

चार वर्षं हे चाललं. हिवाळ्यात मुक्काम बहुधा हार्लनच्या मळ्यात. आजच्या उपग्रहांच्या मोजणीशी ताडून पाहिलं तरी त्यांच्या कामाचा नेमकेपणा थक्क करतो. ज्याने कधी शेतजमिनीची सरकारी मोजणी उभं राहून पाहिली आहे, दोन शेजाऱ्यांनी हातभर जागेवरून घातलेला वाद ऐकला आहे, त्याला अडीचशे वर्षांपूर्वीच्या घनदाट रानात शेकडो मैल एका अक्षांशावर चालत राहणं काय असेल याची थोडीतरी कल्पना येईल.

हद्दीचे दगड इंग्लंडमधून जहाजाने आणवले होते. दर मैलाला एक दगड, एका अंगाला 'एम', दुसऱ्या अंगाला 'पी'. दर पाचव्या मैलाला मोठा दगड, त्यावर एका बाजूला कॅल्व्हर्टांचं आणि दुसऱ्या बाजूला पेनांचं कुलचिन्ह. माझी मावसबहीण पेनसिल्व्हेनियात राहते. तिच्याकडे गेलो असताना त्यांतला एक दगड पाहायला मिळाला. गुडघ्याच्या थोडा वर येणारा, पावसापाण्याने कडा गोलावलेला, आजूबाजूला कुंपण. कुलचिन्हाच्या रेषा बोटांनी चाचपल्यावर लागतात, नुसत्या डोळ्यांना पुसट दिसतात. दोन्ही बाजूंना एकच गवत होतं, कंबरेएवढ्या मक्याचं एकच शेत होतं. बहीण म्हणाली, "आम्ही पेट्रोल कुठे स्वस्त मिळेल ते बघून ही लाइन ओलांडतो, दादा. कुणाच्या लक्षातही येत नाही." तिच्या त्या साध्या बोलण्याने मला दगडापेक्षा जास्त काही दाखवलं. ही रेघ ओलांडणं कुणाच्या लक्षातही येऊ नये, इथपर्यंत पोचायला त्या देशाला फार मोठी किंमत मोजावी लागली.

कारण दोन जमीनदारांचा कज्जा मिटवण्यासाठी आखलेली ही रेघ पुढे भलतीच झाली. १७८० साली पेनसिल्व्हेनियाने गुलामगिरी टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा कायदा केला. मेरीलँडने तसं केलं नाही. मग त्या दगडांच्या एका बाजूला माणूस मालमत्ता होता आणि दुसऱ्या बाजूला माणूस. १८२०च्या सुमाराला, मिसुरीत गुलामगिरी चालू द्यायची का या वादानंतर, गुलामगिरीची राज्यं आणि मुक्त राज्यं यांच्यातली सीमा म्हणून हे नाव देशभर लोकांच्या तोंडी बसलं. गुलामीत असलेला फ्रेडरिक डग्लस १८३८ साली बाल्टिमोरहून निसटला तो याच दिशेने, उत्तरेला. मेरीलँडच्या पूर्व किनाऱ्यावर गुलामीत जन्मलेली हॅरिएट टबमन १८४९ साली पळाली आणि रात्रीच्या अंधारात वाट काढत, ध्रुवताऱ्याच्या आधाराने, पोचली कुठे, तर फिलाडेल्फियाला. पुढे ती पुन्हा पुन्हा मागे गेली आणि सुमारे सत्तर जणांना सोडवून घेऊन आली.

हे कळल्या दिवसापासून मला हे गाणं नुसतं दोन इंग्रजांचं वाटत नाही. गाण्यातले दोघं ताऱ्यांच्या भरवशावर फिलाडेल्फियाकडे निघाले आहेत, रेघ आखायला. ऐंशी-नव्वद वर्षांनी एक बाई ताऱ्याच्याच भरवशावर फिलाडेल्फियाकडे निघाली, ती रेघ ओलांडायला. गाण्यात तिचा उल्लेख नाही आणि असूही शकत नाही, तिचा जन्मच व्हायचा आहे. पण मेसन विचारतो की हा देश स्वतंत्र कसा होणार, तेव्हा त्या प्रश्नाच्या मागे मला ती चालताना दिसते. तो प्रश्न मेसनला वाटतो त्याहून फार मोठा आहे.

असंच दुसऱ्या एका गोष्टीचं. गाण्यात इरोक्वाय या तिथल्या मूळ रहिवाशांच्या रानाचा उल्लेख येतो, दोन परक्या माणसांना वाटणाऱ्या भीतीसारखा. पण ते दोघं १७६३च्या नोव्हेंबरात फिलाडेल्फियात उतरले आणि त्याच डिसेंबरात जवळच्या लँकेस्टर परगण्यात गोऱ्या वसाहतवाल्यांच्या टोळीने कोनेस्टोगा जमातीच्या वीस निःशस्त्र माणसांना दोन हल्ल्यांत मारून टाकलं. त्यांत बायका होत्या, मुलं होती. दुसरा हल्ला तर त्यांना आसरा म्हणून ठेवलं होतं त्या सरकारी इमारतीत शिरून झाला. मेसन पुढे मुद्दाम ती जागा पाहायला लँकेस्टरला गेला होता. त्या रानात कुणी कुणाला भ्यायचं, हा प्रश्न त्याच्या मनात आला असेल का? आणि रेघेचा शेवट झाला तोही तिथल्या मूळ रहिवाशांच्या शब्दाने. १७६७च्या ऑक्टोबरात डंकार्ड ओढ्यापाशी एक जुनी युद्धवाट आडवी आली. सोबतच्या मोहॉक वाटाड्यांनी सांगितलं, यापलीकडे आम्ही येणार नाही. मोजणी तिथे थांबली. पेनसिल्व्हेनियाची पश्चिम हद्द अजून काही मैल पुढे होती. ती पुरी व्हायला १७८४ साल उजाडलं, आणि तोवर वसाहती जाऊन तिथे देश झाला होता.

आमच्या गाणी ऐकणाऱ्या मंडळींत या गाण्यावरून एकदा चांगलंच वाजलं. एका मित्राचं म्हणणं असं, की ज्या रेघेने इतकं रक्त पाहिलं तिच्यावर इतकं गोड गाणं करणं बरं नव्हे. समुद्र, सूर्योदय, मैत्री, सगळं छान, गुलामांचं काय? हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. नॉफ्लरला हे गाणं सुचलं टॉमस पिंचनच्या 'मेसन अँड डिक्सन' या कादंबरीवरून. १९९७ साली आलेली ही भली थोरली कादंबरी जुन्या वळणाच्या इंग्रजीत लिहिलेली आहे, आणि केपपासून अमेरिकेपर्यंत जिथे जिथे हे दोघं जातात तिथे तिथे पिंचन त्यांना गुलामगिरीसमोर उभं करतो. नॉफ्लरने ते सगळं वाचलेलं आहे. गाण्याकडे वळण्यापूर्वी तो वर्तमानपत्रात बातमीदार होता, मग त्याने इंग्रजी साहित्याची पदवी घेतली, काही काळ शिकवलंही. पुस्तक कसं वाचायचं हे त्याला चांगलं ठाऊक आहे. तरीही त्याने एवढ्या मोठ्या कादंबरीतून फक्त जहाजाचा डेक उचलला, आणि किनारा दिसताच गाणं थांबवलं.

मला वाटतं त्याने जे केलं ते विचारपूर्वक केलं. पुढची रेघ, दगड, तुटलेली झाडं, पळणारी माणसं हे सगळं गाण्यात घातलं असतं, तर आपल्याला त्या दोघांबद्दल मत बनवणं फार सोपं गेलं असतं. मग आपण त्यांच्यापेक्षा शहाणे ठरून मोकळे झालो असतो. गाणं आपल्याला ती सोय देत नाही. ते आपल्याला डेकवर, त्या दोघांच्या शेजारी उभं करतं, जिथे पुढचं काहीच ठरलेलं नाही. हुशार, कष्टाळू, आपल्या कामावर जीव असलेली ही दोन माणसं आहेत. ती नेमकी मोजणी करणार आहेत आणि त्या मोजणीचं पुढे काय होईल हे त्यांच्या हातात नाही. आपल्यापैकी बहुतेकांची कामं अशीच असतात. आपण इमानेइतबारे एखादी यादी करतो, नकाशा काढतो, प्रणाली उभी करतो. तिच्या आधाराने पुढे कोण काय करेल हे आपल्याला दिसत नाही. ते दिसलं नाही म्हणून आपली जबाबदारी संपते का, हा प्रश्न गाणं विचारत नाही. पण ते ऐकून उठलेला माणूस तो प्रश्न बरोबर घेऊन उठतो.

कोण कुणाचा आवाज झाला आहे, यातही मला मोठी जाण दिसते. नॉफ्लर जन्मला ग्लासगोत, वाढला न्यूकॅसलच्या आसपास, म्हणजे डिक्सनच्याच उत्तरेकडच्या मुलखात. त्याचे वडील हंगेरीतले ज्यू. नाझींच्या भीतीने देश सोडून आलेले वास्तुविशारद. सीमा ओलांडता येणं म्हणजे काय, हे त्या घरात कुणी शिकवावं लागलं नसेल. टेलर जन्मला बॉस्टनला आणि वाढला नॉर्थ कॅरोलिनात. आई उत्तरेच्या मॅसॅच्युसेट्सची, वडील दक्षिणेचे. मेसन-डिक्सन रेषा त्याच्या घरातूनच जाते म्हणा ना. अमेरिकेबद्दलची शंका या अमेरिकन माणसाच्या तोंडी दिली आहे आणि अमेरिकेबद्दलचा उत्साह इंग्रजाच्या तोंडी. हे उलटं असतं तर शंका बाहेरच्याची कुरापत वाटली असती आणि उत्साह घरच्याची बढाई. आता शंकेला आपलेपण आहे आणि उत्साहाला पाहुण्याचा निर्मळपणा. टेलरच्या आवाजात राग कुठेच नाही, त्यामुळे तो प्रश्न आरोप न होता काळजी होतो.

त्या दोघांचं पुढे काय झालं हेही गाणं सांगत नाही, पण मला त्याशिवाय ते आता ऐकता येत नाही. १७६८ साली दोघं अमेरिकेहून परतले. डिक्सन आपल्या डरहॅममध्ये जाऊन राहिला, आणखी मोजण्या केल्या आणि १७७९ साली वारला. नव्या पहाटेचं इतकं कौतुक असलेला हा माणूस पुन्हा कधी अमेरिकेत राहायला गेला नाही. गेला तो मेसन. १७८६ साली, आजारी अंगाने, बायको आणि आठ मुलांना घेऊन तो फिलाडेल्फियाला उतरला. त्याने बेंजामिन फ्रँकलिनला आपली हकिकत कळवली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात तो तिथेच गेला. फिलाडेल्फियाच्या ख्राइस्ट चर्चच्या दफनभूमीत त्याला मूठमाती मिळाली. या देशाचं कसं होणार म्हणून ज्याला घोर होता, त्याने आपली मुलंबाळं आणून सोडली ती त्याच देशात. शंका आणि विश्वास एकाच माणसात एकत्र नांदू शकतात याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही. किंवा असं असेल, की मधल्या वर्षांत डिक्सनचा शब्द त्याच्या मनात मुरत राहिला होता. गाण्यात ज्या बोलण्याला उत्तर मिळालं नाही, ते असं तेवीस वर्षांनी मिळालं असावं.

माझा तो मित्र अजूनही हे गाणं पूर्णपणे मान्य करत नाही. पण तो ते ऐकतो आणि दर वेळी काहीतरी नवं काढून वाद घालतो. परवा त्याने फोन करून विचारलं, मेसनने लँकेस्टरला जाऊन नक्की काय पाहिलं असेल. मला ही खरी दाद वाटते. वाहवा करणं सोपं असतं, आणि हात झटकून बाजूला होणं तर त्याहूनही सोपं. गाण्याने जे सांगितलं ते मन लावून ऐकायचं, आणि जिथे ते थांबलं तिथून पुढे आपण आपल्या पायांनी चालायचं, एवढं श्रोत्याकडे असतं. कुणी पहिल्यांदा हे गाणं ऐकणार असेल तर त्याला मी आधी काहीच सांगत नाही. त्याला नुसते दोन आवाज ऐकू द्यावेत, त्यांतला एक त्याचा स्वतःचा आहे हे त्याचं त्याला कळू द्यावं. मग कधीतरी हॅरिएट टबमनबद्दल, कोनेस्टोगाबद्दल वाचायला द्यावं आणि गाणं परत लावावं. दुसऱ्या वेळी ते जड जाईल. तरी ते लावावं, कारण त्या रेघेच्या दोन्ही बाजूंची माणसं एकाच वेळी मनात धरून ऐकायची ताकद त्याच वेळी येते.